कोणत्या दिवसाची विक्रांत?

आयएनएस विक्रांत या विमानवाहू जहाजाचं मॉडेल करायचं ठरवलं की सगळ्यात आधी तारीख ठरवावी लागते. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टला विजयालक्ष्मी पंडितांच्या हस्ते आपल्या नौदलात दाखल झाली ती एक विक्रांत. डिसेंबर १९७१ मध्ये बंगालच्या उपसागरातून कॉक्स बाजार आणि चितगाववर सी हॉक विमानं सोडत होती ती दुसरी. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस जिच्या नाकाशी पावणेदहा अंशांचा स्की-जंप, म्हणजे विमानांना वर झेपावायला दिलेला चढ, बसला ती तिसरी. ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त होऊन पुढे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली ती चौथी. नाव तेच, आर-११ हा क्रमांक तोच, सांगाडाही तोच. पण सुरुवातीच्या १६ बोफोर्स तोफांपैकी पुढे निम्म्याच राहिल्या, रडारं बदलली, विमानं डेकवरून फेकणारा वाफेवरचा कॅटपल्ट निघून गेला. त्यामुळे नुसतं ‘विक्रांत करतेय’ म्हणून प्लॅस्टिकला कटर लावता येत नाही. कटर लावायच्या आधी दिवस ठरलेला पाहिजे.

मी डिसेंबर १९७१ घेतला.

सातारच्या एमआयडीसीत एका टूलरूमच्या ड्रॉइंग ऑफिसात मी नोकरी करते. आमच्याकडे ड्रॉइंगच्या कोपऱ्यात रेव्हिजन नंबर नसेल तर मशीनवरचा माणूस ते ड्रॉइंग हातातही घेत नाही, आणि त्याचं बरोबरच असतं. मागच्या रेव्हिजनचा एक होल नव्या पार्टवर पडला तर अख्खा लॉट भंगारात जातो. जहाजांनाही अशा रेव्हिजन असतात, हे कळलं तेव्हा या कामात माझा जीव जडला. तोवर मॉडेल म्हणजे शोकेसमध्ये ठेवायची सुबक वस्तू एवढंच मला वाटे. नंतर लक्षात आलं की हा इतिहासाचाच अभ्यास आहे, फक्त तो पुस्तकात न मांडता हातांनी मांडायचा.

माझा भाचा शाळा सुटली की माझ्याकडे येतो आणि टेबलाच्या त्याच्या ठरलेल्या बाजूला बसून स्प्रूवरून, म्हणजे ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला भाग जोडलेले येतात तिच्यावरून, सुटे भाग कापून देतो. एकदा म्हणाला, “मावशी, मागच्या बाजूला सी हॅरियर पण ठेव ना. चार हॉक, चार हॅरियर. भारी दिसेल.” मी त्याला समजावलं. पहिली सी हॅरियर गोव्यात उतरली ती डिसेंबर १९८३ मध्ये, तोपर्यंत सी हॉकचा जमाना संपलेला. सी हॉकला डेकवरून फेकायला कॅटपल्ट लागायचा. स्की-जंप आला तेव्हा तो कॅटपल्टच उरला नाही. स्की-जंपवाल्या विक्रांतवर सी हॉक ठेवलं तर ते उडणार कसं? तो जरा वेळ गप्प बसला आणि मग त्यानं विचारलं, “मग हॉक कुठं गेली?” मला त्याचा हा प्रश्न फार आवडला. डेक सजवायचा विषय मागं पडला होता आणि त्याला आता त्या विमानांची काळजी लागली होती.

त्यातलं एक गोव्यात आहे. बोगमाळोच्या नेव्हल एव्हिएशन म्युझियममध्ये सी हॉक, अलिझे, सी हॅरियर अशी आपल्या नौदलाची विमानं प्रत्यक्ष बघायला मिळतात. लोक सुट्टीत गोव्याला जाऊन काय काय करतात. मी तिथं सी हॉकच्या पोटाखाली वाकून चाकांच्या खोबणीतले पाइप बघत बसते. उघड्यावर ठेवलेलं विमान वेळोवेळी रंगवावं लागतं, म्हणून तिथला रंग मी पुरावा म्हणून धरत नाही. घडण मात्र धरते. सी हॉकची घडण मला तिच्या काळच्या सगळ्या जेट विमानांत देखणी वाटते. रोल्स-रॉइसचं नीन इंजिन पोटात, हवा घेणारी तोंडं पंखांच्या मुळाशी, आणि धुराडं शेपटीतून बाहेर काढण्याऐवजी दुभागून दोन्ही पंखांच्या मुळामागून काढलेलं. त्यामुळे शेपटीकडचा भाग रिकामा मिळाला आणि तिथं इंधनाची टाकी बसवता आली. एकाच्या जागी दोन छोटी धुराडी करण्यात एवढा विचार होता. किटमध्ये मात्र या दोन नळ्या बहुधा आतून बुजलेल्या येतात. त्या कोरून पोकळ केल्याशिवाय माझं समाधान होत नाही, कारण या विमानाची सगळी कल्पना त्या नळ्यांमध्येच आहे.

एकास बहात्तर या प्रमाणात सी हॉक साधारण १७ सेंटिमीटर लांब होतं. विक्रांतच्या डेकवर ठेवायचं, एकास साडेतीनशेचं, साडेतीन सेंटिमीटरही भरत नाही. पंख वर दुमडलेले दाखवायचे तर सगळी रुंदी सव्वा सेंटिमीटरच्या आत आली पाहिजे. पुढे आणखी एक हिशेब असतो, ज्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं, तो जाडीचा. वहीचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. एकास सातशेच्या मॉडेलवर तो चिकटवला तर खऱ्या जहाजावर तो सात सेंटिमीटर जाडीचा पोलादी पत्रा झाला. मॉडेलच्या विमानावर पत्र्यांच्या सांध्यांच्या बारीक रेषा कोरलेल्या असतात. एकास बहात्तरमध्ये ०.३ मिलिमीटरची रेष म्हणजे खऱ्या विमानावर दोन सेंटिमीटरहून रुंद फट. अशी फट असलेलं विमान उडवायची परवानगी कुणी दिली असती? म्हणून मी किटवरच्या खोल रेषा पुट्टीनं बुजवते, पॉलिश पेपरनं घासते आणि सुईनं पुन्हा हलक्या ओढते. डेकच्या कडेचे कठडे पितळी पत्र्यातून अॅसिडनं कोरलेले मिळतात. ते चिमट्यानं वाकवायचे आणि फेविक्विकच्या टाचणीएवढ्या थेंबावर बसवायचे. एवढं करूनही ते खऱ्या कठड्यांच्या हिशेबात जाडच असतात. टूलरूममध्ये आम्ही टॉलरन्स लिहितो, वर-खाली किती चालेल ते. इथंही मनाशी टॉलरन्स ठरवावा लागतो आणि मग तो प्रामाणिकपणे पाळावा लागतो.

अँटेनाच्या तारा मात्र घरच्या घरी होतात, आणि हा भाग भाच्याचा लाडका. किटमधून उरलेली प्लॅस्टिकची काडी मेणबत्तीच्या ज्योतीवर, ज्योतीला न लावता, वरच धरायची. काडी मऊ होऊन चकाकायला लागली की बाजूला घेऊन दोन्ही हातांनी संथ ओढायची. केसाहून बारीक तार निघते. भरभर ओढली तर तुटते, उशीर केला तर थिजते. त्याचे हात या कामात माझ्यापेक्षा चांगले आहेत.

रंगाचं शास्त्र वेगळंच. ब्रिटिश नौदलाच्या विमानांचा वरचा रंग एक्स्ट्रा डार्क सी ग्रे, त्यांच्या मानकांतला क्रमांक ६४०. आणि खालचा ‘स्काय’, फिकट हिरवटसर. पण बाटलीवर तोच क्रमांक आहे म्हणून रंग तसाच फासला तर छोटं विमान काळपट आणि जड दिसतं. आपण खरं विमान बघतो ते अंतरावरून, मधल्या हवेतून, आणि हवा रंग फिका करते. मॉडेल आपण फूटभरावरून बघतो. म्हणून रंगात थोडा पांढरा मिसळून ती मधली हवाही रंगवावी लागते. किती मिसळायचा यावर मॉडेलवाल्यांची मतं जुळत नाहीत. माझं मत असं की विमान जितकं लहान तितका पांढरा जास्त, आणि शंका असेल तर थोडा कमीच. हे सगळं काम दिवाळीनंतर. जुलै-ऑगस्टात यवतेश्वराचे ढग खाली उतरून गावात शिरले की मी एअरब्रशला हात लावत नाही. तेवढ्या ओलाव्यात लॅकरवर पांढुरकी झाक चढते आणि ती मग पुसून जात नाही. पावसाळा मी वाचनाला आणि लाकूडकामाला ठेवलेला आहे.

झेंड्याकडे फार लोक लक्ष देत नाहीत. १९७१ च्या विक्रांतच्या काठीवर पांढऱ्या कापडावर तांबडा क्रॉस आणि वरच्या कोपऱ्यात तिरंगा असलेला झेंडा हवा. तो २६ जानेवारी १९५० पासून होता आणि २००१ मध्ये पहिल्यांदा बदलला. शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन असलेला आजचा झेंडा २ सप्टेंबर २०२२ चा, नवी विक्रांत कोचीनला नौदलात आली त्या दिवशीचा. सातारकर म्हणून तो अष्टकोन बघून मला काय वाटतं ते शब्दांत सांगता येणार नाही. पण १९७१ च्या जहाजावर मी तो लावणार नाही. जुन्या झेंड्याखाली जी माणसं लढली, त्यांचा झेंडा आपण आपल्या आवडीनं बदलायचा नसतो.

हे मॉडेल मी मुळात वॉटरलाइन करणार होते. १९७१ मध्येच जपानच्या शिझुओका शहरातल्या चार कंपन्यांनी एकत्र येऊन एकास सातशेची वॉटरलाइन मालिका सुरू केली, आणि तेव्हापासून जगभर ही पद्धत रुळली. जहाजाचा पाण्याखालचा भाग करायचाच नाही. पाण्याच्या रेषेवर तळ सपाट कापायचा, म्हणजे टेबलावर ठेवलं की जहाज समुद्रात असल्यासारखं दिसतं. सोयीचं असतं आणि दिसतंही छान.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक काका राहतात. सातारा जिल्ह्यात घरटी फौजी सापडेल, अपशिंग्याला तर लोक अपशिंगे मिलिटरी असंच म्हणतात. पण आमचे काका नौदलातले. विक्रांतवर स्टोकर होते, बॉयलरवरचे. एका रविवारी मी त्यांना घरी बोलावलं आणि अर्धवट झालेलं मॉडेल दाखवलं. त्यांनी भिंग घेतलं आणि फार वेळ डेक बघितला. मग म्हणाले, “अगं पोरी, तू सगळं वरचंच केलंस की.”

मी विचारलं, “म्हणजे काय काका?”

त्यांनी बोट आयलंडच्या, म्हणजे डेकवरच्या मनोऱ्याच्या, खाली आणलं, जिथं मी पाण्याची रेष आखून ठेवली होती त्याच्याही खाली, आणि टेबलाच्या लाकडावर टेकवलं. “मी इथं असायचो. डेकवर काय चाललंय ते आम्हाला आवाजावरनं कळायचं. एका बॉयलरला तडा होता. तो सोडून बाकीच्यांवर चालवली आम्ही.”

त्या तडा गेलेल्या बॉयलरबद्दल मी वाचलं होतं. विक्रांतचे चार बॉयलर; त्यातला एक निकामी. वेग कमी म्हणजे डेकवरून वाहणारा वारा कमी, आणि वारा कमी म्हणजे विमानाला उचलून घ्यायला मदत कमी. कॅटपल्टलाही वाफ त्याच बॉयलरांची. तरीही ४ डिसेंबरला त्या डेकवरून विमानं गेली आणि पुढचे दिवस जातच राहिली. हे मला माहीत होतं, पण ते करणाऱ्या माणसाचं बोट माझ्या टेबलाच्या फळीवर होतं आणि माझ्या आराखड्यात तो माणूस जिथं उभा होता तो भागच नव्हता.

मी वॉटरलाइनचा बेत सोडला. आता विक्रांत पूर्ण आहे: एकास साडेतीनशे, ६१ सेंटिमीटर लांब, तळापासून डोलकाठीपर्यंत, खाली दोन पंखे आणि सुकाणू. बॉयलर रूम बाहेरून दिसत नाही, हे खरं. पण तिला जागा आहे. काका आले की त्या बाजूला बसतात.

पाण्याखालचा भाग करताना तिचं वयही समजलं. तिचा कणा १४ ऑक्टोबर १९४३ ला इंग्लंडात टाइन नदीवर घातला गेला, हर्क्युलिस या नावानं, भर महायुद्धात. २२ सप्टेंबर १९४५ ला ती पाण्यात उतरली तोवर युद्ध संपलं होतं, आणि पुढच्या वर्षी काम थांबलं. ती तशीच अर्धी पडून राहिली. १९५७ मध्ये भारतानं विकत घेतल्यावर बेलफास्टच्या हारलँड अँड वुल्फनं तिला पुरं केलं, आणि तेव्हा तिला तिरका डेक, वाफेचा कॅटपल्ट अशा जेट युगाच्या गोष्टी मिळाल्या. म्हणून तिचा खालचा देह प्रॉपेलरच्या विमानांच्या काळातला आणि माथा जेटच्या काळातला आहे. तिच्या जातीची एकूण सहा जहाजं. मेलबर्न आणि सिडनी ऑस्ट्रेलियाला गेली, मॅग्निफिसंट आणि बोनाव्हेंचर कॅनडाकडे, लेव्हायथन कधी पुरंच झालं नाही. एकीच्या मापांवरून दुसरीचा डेक करता येत नाही. प्रत्येकीला पुरं करणाऱ्यांनी आपापल्या बुद्धीनं पुरं केलं आहे.

ही मापं आता जहाजावर जाऊन ताडता येत नाहीत. २०१२ मध्ये संग्रहालय बंद झालं, २०१४ मध्ये विक्रांत भंगारात गेली आणि मुंबईच्या दारूखान्यात तिचे तुकडे झाले. तिचं थोडं पोलाद मोटारसायकलमध्ये गेलं. २०१६ मध्ये बजाजनं तशी गाडी काढली आणि माझ्या एका सहकाऱ्याकडे ती आहे. तो ती जपून वापरतो, मला त्याचा अभिमान वाटतो. तरी मला जहाज हवं होतं. विराट या आपल्या दुसऱ्या विमानवाहू जहाजाचंही तेच झालं, २०१७ ला निवृत्ती आणि २०२० मध्ये अलंगच्या किनाऱ्यावर तोडणी. विशाखापट्टणमला कुरसुरा पाणबुडी २००२ पासून लोकांसाठी ठेवली आहे, ती बघितली की कळतं काय करता आलं असतं. विक्रांत राखायचा खर्च प्रचंड होता, हेही मला समजतं. पण एवढं पोलाद वितळवायच्या आधी इंच न् इंच मोजून, फोटो काढून, ते सगळं शाळा-कॉलेजांना आणि आमच्यासारख्यांना खुलं करायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. तो खर्च काही प्रचंड नव्हता.

मॉडेल काय करू शकतं ते दीवला जाऊन बघावं. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री तिथल्या समुद्रात पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीनं आयएनएस खुकरी बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. दीवच्या किनाऱ्यावर टेकडीवर त्यांचं स्मारक आहे आणि तिथं काचेच्या घरात खुकरीचं मॉडेल समुद्राकडे तोंड करून ठेवलंय. खरं जहाज समुद्राच्या तळाशी आहे. नातेवाइकांना ‘तो कुठं होता’ हे दाखवायला तिथं दुसरं काहीच नाही. मी तिथं उभी असताना एक बाई आपल्या मुलाला त्या काचेवर बोट ठेवून काहीतरी दाखवत होती. काय ते मी ऐकलं नाही, पण स्मारकातला प्रत्येक कठडा बरोबर असला पाहिजे हे मला तिथं पटलं.

आराखडे टिकणं हाही नशिबाचा भाग असतो. इंग्लंडात हार्टलपूलला ट्रिंकोमाली नावाचं फ्रिगेट, म्हणजे शिडाचं लढाऊ जहाज, आजही पाण्यावर आहे. ते मुंबईत बांधलेलं, सागवानाचं, जमशेटजी बोमनजी वाडियांच्या हातचं. १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरलं. त्याचे मूळ आराखडे जावा नावाच्या जहाजातून मुंबईला निघाले होते. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशन या जहाजानं जावाचा पराभव केला, आणि ते कागद गेले. मुंबईला दुसरी प्रत येईपर्यंत काम खोळंबलं. कणा घातला गेला तो १८१६ मध्ये. पण दुसरी प्रत होती. इंग्रजांकडे नेहमी दुसरी प्रत असायची, आणि त्यामुळेच आज कुणीही ट्रिंकोमालीचं मॉडेल फासळी-फासळीनं बरोबर करू शकतो.

आमच्या आरमाराची दुसरी प्रत कुठं आहे, हा प्रश्न मला गेली काही वर्षं सोडत नाही.

साताऱ्याला समुद्र नाही, पण एके काळी समुद्रावरचा हुकूम इथल्या गादीच्या नावानं चाले. १७१३-१४ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीनं कान्होजी आंग्रे शाहू महाराजांकडे आले आणि महाराजांनी त्यांचं सरखेलपद, म्हणजे आरमाराचं प्रमुखपद, मान्य केलं. अजिंक्यताऱ्याकडे बघताना मला आपसूकच कोकणातली ती लढाऊ जहाजं, गुरबं आणि गलबतं, आठवतात, जी इथल्या छत्रपतींच्या नावानं फिरायची. आणि फेब्रुवारी १७५६ आठवतो. विजयदुर्गावर अॅडमिरल वॉटसनचं आरमार समुद्राकडून आणि पेशव्यांची फौज जमिनीकडून. तुळाजी आंग्र्यांची जहाजं किल्ल्याजवळ एकमेकांना बांधून ठेवलेली. आंग्र्यांनीच पूर्वी इंग्रजांकडून जिंकलेल्या रिस्टोरेशन या जहाजावर गोळा पडून आग लागली आणि ती एकाहून एकावर गेली. एका दिवसात मराठ्यांच्या सागरी ताकदीचा मोठा भाग जळाला, आणि त्याला आपलाच हात लागला होता. हे लिहिताना आजही माझा हात जड होतो.

म्हणून विक्रांतनंतर मी गुरब घेतलं. जवळ वर्णन आहे, अठराव्या शतकात रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकारानं केलेलं, शत्रूच्या नजरेनं, पण बारकाईनं. दोन डोलकाठ्यांचं गुरब १५० टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांचं ३०० टनांपर्यंत. लांबीच्या मानानं खूप रुंद, मध्यापासून पुढे निमुळतं होत गेलेलं, पाण्यात कमी बुडणारं. पुढे इतर जहाजांसारखी फुगीर छाती नाही. भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी लांब पुढे आलेली नाळ. मुख्य डेकवर आडव्या भिंतीत भोकं पाडून दोन मोठ्या तोफा, नाळेवरून समोर मारा करणाऱ्या. गलबत त्याहून लहान, फार तर ७० टनांचं, एक भलंमोठं तिकोनी शीड आणि चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की ही गलबतं गुरबांना ओढून शत्रूच्या मागच्या बाजूला नेत, जिथं त्याच्या बाजूच्या तोफा लागू पडत नाहीत. उथळ तळ, पुढे तोफा, ओढायला वल्ही: गुरबाची सगळी रचना या एका डावपेचासाठी आहे. हे समजलं की कागदावर ते आपोआप उभं राहायला लागतं.

पण काही अंतरापर्यंतच. पुढे दोरांचं काय, शीड परबाणाला, म्हणजे ते ज्या लाकडावर ताणतात त्याला, कसं बांधलं होतं, डोलकाठी किती कललेली होती? इथं मोह होतो. कुणी म्हणतं, अरबी ढावाचं दोरकाम घ्या, जवळचंच आहे. कुणी बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांकडे बोट दाखवतं, तिथं दगडात लढाऊ नौका कोरल्या आहेत. त्या नौका अप्रतिम आहेत, पण शिलाहारांच्या काळातल्या, कान्होजींच्या आधी कित्येक शतकं. त्यांच्यावरून गुरबाची वल्ही ठरवणं म्हणजे १९७१ च्या डेकवर हॅरियर ठेवणं झालं.

मी ठरवलं की जिथं पुरावा संपेल तिथं मॉडेलनंही थांबायचं, आणि थांबलंय हे दिसलं पाहिजे. याला जुना आधार आहे. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडच्या नेव्ही बोर्डाच्या काळची जी मॉडेल्स आहेत, त्यांत खालच्या भागाला फळ्या न लावता फासळ्या उघड्या ठेवत, एकास अठ्ठेचाळीसच्या प्रमाणात. बांधणी कशी ते दिसावं म्हणून. माझ्या गुरबात उघडं लाकूड दुसऱ्या कारणासाठी आहे. वर्णनातून जे येतं, नाळ, तोफांची भिंत, रुंदी आणि डेक, तेवढ्याला फळ्या लागतील आणि तेल लागेल. बाकी कोरं. डोलकाठ्या उभ्या, शीड नाही, दोर नाही.

लाकूड हळदूचं घेतलंय. खरी जहाजं सागाची असत, पण सागाचे तंतू एकास अठ्ठेचाळीसमध्ये फार मोठे दिसतात, फळी फळी वाटत नाही. हळदू पिवळसर, घट्ट आणि बारीक पोताचं; पूर्वी त्याच्या फण्या आणि सूतगिरण्यांच्या बॉबिन करत. दोन मिलिमीटरच्या पट्ट्या गरम पाण्यात भिजवून, वाफ देऊन, साच्यावर आवळून ठेवल्या की दुसऱ्या दिवशी वाकलेल्या मिळतात. ऐन पावसाळ्यात हे काम चांगलं होतं. नाळेकडच्या फळ्या सगळ्यात त्रासाच्या, कारण तिथं रुंदी झपाट्यानं कमी होते आणि प्रत्येक फळी दोन दिशांना वळावी लागते. खरी नाळ बांधणाऱ्या कोकणातल्या मिस्त्र्यांना हे कसं जमत असेल ते आता थोडं कळतं.

भाच्याला ही कोरी फळी पटत नाही. “मावशी, लोकांना वाटेल अर्धवट सोडलंय.” म्हणून पायथ्याला पितळी पाटी करतेय. मजकूर ठरलाय: ‘गुरब, अठराव्या शतकाचा पूर्वार्ध. नाळ, तोफा व रुंदी लेखी वर्णनावरून. उघड्या भागास आधार मिळालेला नाही.’ काकांनी तो वाचला आणि “बरोबर आहे, लॉगबुक असंच लिहितात” एवढंच म्हणाले.

साताऱ्यात, वाईत, कऱ्हाडात जुने वाडे आहेत, त्यांत दप्तरं आहेत, मोडी वाचणारी माणसंही आहेत. आरमाराचा हिशेब असेल, लाकडाची, काथ्याची, शिडाच्या कापडाची यादी असेल, तर ती कंटाळवाणी म्हणून बाजूला ठेवू नका. किती हात कापड आणि किती वजनाचा काथ्या, एवढ्यावरूनही शिडाचा आकार आणि दोरांची जाडी काढता येते. ते गणित मी रोज करते. तसा एखादा कागद कुठं निघाला तर मी पाटी काढून घेईन आणि दोर वळायला बसेन. डोलकाठ्यांना भोकं आताच पाडून ठेवली आहेत.